झेंड्याकडून टीकडे

देवगिरीच्या किल्ल्यात खालून वर चढणारा माणूस बांधणाऱ्याने दाखवलं तेवढंच पाहतो. दरवाजा दिसतो, त्यामागचं वळण दिसत नाही. खंदक दिसतो, पण पलीकडचा कडा तासून उभा केलाय हे जवळ गेल्यावरच कळतं. अंधारीत, म्हणजे आतल्या काळोख्या भुयारात, तर पुढची पायरी कुठं आहे तेही पायानंच चाचपावं लागतं. तोच किल्ला वरच्या बारादरीतून खाली पाहिला की सगळी युक्ती उघडी पडते. शत्रूला कुठं अडवायचं, कुठं वळवायचं, कुठं एकेकटं गाठायचं, सगळं नकाशासारखं समोर येतं.

गोल्फचा होल, म्हणजे टीपासून झेंड्याच्या भोकापर्यंतचा एक टप्पा, असाच रचलेला असतो. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभं राहिलं की फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताची मधली वाट, ऐसपैस दिसतो आणि हात आपोआप ड्रायव्हरकडे, सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबकडे (काठीकडे), जातो. आखणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं, ड्रायव्हरचा चेंडू कुठं येऊन पडतो. बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, तिथंच असतो, ओढा तिथंच आडवा येतो, फेअरवेची कंबर तिथंच आवळलेली असते. म्हणून होल वाचायचा तो झेंड्याकडून टीकडे. झेंडा ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत गवताच्या, कुठल्या भागात आहे? त्या भागाकडे कुठल्या बाजूनं वाट मोकळी आहे? त्या वाटेवर यायला आधीचा फटका कुठून हवा? आणि तिथं पोचायला टीवर कोणता क्लब पुरेल? क्लबचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, आणि बहुतेक जण नेमका तोच सगळ्यात आधी सोडवून बसतात.

देवगिरीची आणखी एक गोष्ट इथं कामाची आहे. अलाउद्दीन खिलजीनं १२९६ साली किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा घाईघाईनं वर चढवलेली धान्याची पोती मिठाची निघाली, असं सांगतात. कडा अभेद्य होता, कोठार रिकामं होतं. गोल्फच्या बॅगेत नियमानं चौदा क्लब नेता येतात. त्यातल्या प्रत्येकाचा खरा पल्ला माहीत नसेल तर ती पोती उघडून न पाहता वर चढवल्यासारखीच आहेत. सात नंबरचं आयर्न, म्हणजे मधल्या पल्ल्याचा लोखंडी क्लब, एकदा, वारा पाठीशी असताना, १५५ यार्ड गेलं होतं; त्या दिवसापासून मनात त्याचा आकडा १५५ आहे. प्रत्यक्षात ते दहापैकी सात वेळा १३५ ला पडतं. मग ग्रीनच्या पुढ्यातल्या बंकरमध्ये चेंडू गेला की दोष स्विंगला दिला जातो.

दोन गोष्टी वेगळ्या मोजायच्या. चेंडू हवेतून जाऊन जिथं जमिनीला पहिल्यांदा टेकतो तो पल्ला, आणि तिथून थांबेपर्यंत धावतो ती घरंगळ. प्रत्येक क्लबनं वीस चेंडू मारा. सगळ्यात लांब गेलेले चार आणि फसलेले चार सोडून द्या, उरलेल्या बारांची सरासरी घ्या. सरावाच्या मैदानावरचे झिजलेले चेंडू कमी उडतात, त्यामुळे जमल्यास खेळायचे चेंडू घेऊन, मैदान मोकळं असताना मोजा. मराठवाड्यात मार्च ते मे या कामाला फार चांगले. चेंडू टेकतो तिथं धुळीचा लोट उठतो, पल्ला कुठं संपला ते दोनशे यार्डांवरूनही दिसतं. लांबीसोबत रुंदीही लिहून ठेवा. वीस चेंडूंपैकी सगळ्यात डावा आणि सगळ्यात उजवा यांच्यात किती अंतर आहे? हौशी खेळाडूचा ड्रायव्हर साठ-सत्तर यार्डांच्या पट्ट्यात सांडला तर त्यात नवल नाही. हा पट्टा म्हणजे तुमचा खरा फटका. एक चेंडू मारताना तुम्ही त्या पट्ट्यातून एक चिठ्ठी काढत असता.

आकडे ऋतूनुसार हलतात. दर साडेपाच अंश सेल्सियसला ड्रायव्हरचा पल्ला साधारण दोन यार्डांनी बदलतो. डिसेंबरच्या पहाटे बारा अंश आणि मेच्या दुपारी चाळीस अंश, म्हणजे हवेतलाच फरक दहा यार्डांचा झाला. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेसहाशे मीटर उंच आहे, त्यामुळे मुंबईच्या हिशेबापेक्षा चेंडू दोनेक टक्के जास्त जातो. हे फरक लहान आहेत. घरंगळीचा फरक मात्र अवाढव्य असतो, आणि आपल्याकडचा खेळ खरा तिथंच घडतो किंवा बिघडतो.

मेमध्ये काळी जमीन भाजून निघते, तिला भेगा पडतात, मुरमाचा भाग तर फरशीसारखा वाजतो. अशा जमिनीवर ड्रायव्हरचा चेंडू पडल्यावर तीस-चाळीस यार्ड सहज पळतो. फेअरवेवरचा बंकर २३० यार्डांवर आहे आणि तुमचा पल्ला १९५ आहे, म्हणून तुम्ही निर्धास्त असता; चेंडू मात्र धावत जाऊन अलगद त्यात शिरतो. वळणाच्या होलवर कोपऱ्यावर थांबायला हवा असलेला चेंडू कोपरा ओलांडून सरळ बाभळीत जातो. म्हणून उन्हाळ्यात अडथळ्याच्या अलीकडे थांबायचं असेल तर पल्ला अधिक घरंगळ असा एकूण आकडा धरा, आणि अडथळा ओलांडायचा असेल तर फक्त पल्ला धरा. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळले की चूक ठरलेलीच. शिवाय फेअरवे आडवा उतरता असेल तर कडक जमिनीवर चेंडू उताराकडे जोरात फेकला जातो, तेव्हा मध्यावर नेम धरणं चुकीचं ठरतं. नेम चढाच्या कडेवर धरायचा.

उतार ओळखायला सगळ्यात चांगला प्रश्न कॅडीला, म्हणजे बॅग वाहणाऱ्या सोबत्याला, विचारायचा असतो, "भाऊ, पावसाळ्यात इथलं पाणी कुकडं जातंय?" डोळा फसतो, पाणी फसत नाही. ग्रीनवरही हाच प्रश्न चालतो.

आता एक सरळ उदाहरण घेऊ. पार चारचा, म्हणजे चांगल्या खेळाडूनं चार फटक्यांत संपवायचा होल, ३८० यार्ड. झेंडा ग्रीनच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात, डावीकडे पुढं खोल बंकर, उजवीकडे तोंड मोकळं. फेअरवेच्या उजव्या कडेनं हद्दीबाहेरचं कुंपण, पांढऱ्या खुंट्या. खेळाडू उजव्या हाताचा, हँडिकॅप १८ (म्हणजे अठरा होलांत अठरा फटक्यांची सूट), ड्रायव्हर थांबतो २१५ वर आणि चुकला की उजवीकडे वळतो.

झेंड्याकडून पाहा. डाव्या कोपऱ्याकडे थेट मारायचं तर बंकरवरून उडवून थांबवावं लागेल. कडक ग्रीनवर लांबच्या आयर्ननं ते होणार नाही. म्हणजे दुसरा फटका ग्रीनच्या उजव्या तोंडाकडे, अलीकडे टाकून धावत चढवायचा. तो कोन फेअरवेच्या उजवीकडून मस्त मिळतो, पण उजवीकडेच कुंपण आहे. हद्दीबाहेर चेंडू गेला तर एक फटक्याचा दंड आणि पुन्हा तिथूनच, म्हणजे टीवरून तिसरा फटका. इतकी किंमत मोजून कोन मिळवायचा नाही. म्हणून टीच्या चौकटीत अगदी उजव्या खुणेजवळ उभं राहायचं आणि फेअरवेच्या डाव्या अर्ध्यावर नेम धरायचा. धोक्याच्या बाजूला उभं राहिलं की चेंडू धोक्यापासून दूर निघतो. बरेच जण भीतीपोटी धोक्यापासून दूर उभे राहतात आणि मग चेंडू तिरपा धोक्याकडेच जातो. टीच्या खुणांच्या मागे दोन क्लब-लांबीपर्यंत कुठंही चेंडू ठेवता येतो, हेही लक्षात असू द्या. तेवढ्यात पायाखाली सपाट जागा सापडते.

ड्रायव्हर घ्यायचा की नाही? इथं माझं मत ठाम आहे. भीती वाटते म्हणून लहान क्लब घेणं हा डावपेच होत नाही. झेंड्याच्या जितकं जवळ तितकं बरं, हे बहुतेक वेळा खरंच असतं. तुमच्या साठ यार्डांच्या पट्ट्यात पाणी किंवा पांढरी खुंटी येत नसेल, नुसती रफ, म्हणजे कडेचं वाढलेलं गवत, येत असेल, तर ड्रायव्हर खुशाल मारा. पण नेम डावीकडे सरकवूनही पट्ट्याची उजवी कड कुंपणापलीकडे जात असेल तर हायब्रीड हा ड्रायव्हरहून लहान क्लब घ्या, १८५ वर थांबा. उरले १९५. त्यातले १३० सात नंबरनं, मग ६५ चा छोटा फटका आणि दोन पट, म्हणजे पटर या क्लबनं ग्रीनवर मारायचे घरंगळते फटके. पाच झाले. हँडिकॅप १८ असणाऱ्याला प्रत्येक होलवर एक फटका मिळतो, म्हणजे त्याच्यासाठी हा पार पाचच आहे. कार्डावर छापलेला पार चांगल्या खेळाडूचा असतो. आपला पार पेन्सिलीनं शेजारी लिहून ठेवला की अर्धी घाई कमी होते.

कोरडवाहू शेतकरी हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या करत आलाय. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी तो यासाठीच टाकतो की एक गेलं तर दुसरं हाती लागावं. पहिल्या सरीवर पेरत नाही, ओल वीतभर खाली गेली का ते पाहतो. चूक होणारच, ती परवडणाऱ्या बाजूला व्हावी, एवढी तजवीज फटका मारण्याआधी करता येते.

ती न केल्याचं जगाला ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे १९९९ ची ब्रिटिश ओपन, स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टी मैदानाचा अठरावा होल. फ्रान्सचा ज्याँ वॅन डी वेल्डे तीन फटक्यांनी पुढं होता, शेवटच्या होलवर सहा घेतले असते तरी जिंकला असता. त्यानं टीवर ड्रायव्हर घेतला. चेंडू उजवीकडे भरकटला तरी नशिबानं वाचला. तिथून दुसऱ्या फटक्यात छोटा क्लब घेऊन अलीकडे थांबता आलं असतं. त्यानं दोन नंबरच्या आयर्ननं ग्रीनवर नेम धरला. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडला लागून मागं उडाला, दाट रफमध्ये गेला. तिसरा फटका ओढ्यात. दंड घेऊन पाचवा बंकरमध्ये. शेवटी सात झाले, बरोबरी होऊन प्लेऑफ (जादा होलांची लढत) झाला आणि पॉल लॉरी जिंकला. लोकांना ओढ्यात पॅन्ट वर दुमडून उभा राहिलेला वॅन डी वेल्डे आठवतो. अभ्यास करायचा असेल तर दुसऱ्या फटक्याचा करा. सहा फटके पुरत असताना चारचा आराखडा खेळला गेला, तो तिथं.

ओढ्याचं निघालंच आहे तर नियम नीट माहीत हवेत. लाल खुंट्यांच्या ओढ्यात चेंडू गेला तर एक फटक्याचा दंड घेऊन तीन मार्ग आहेत: आधीच्या जागेवरून पुन्हा मारणं, चेंडूनं कड जिथं ओलांडली ती जागा आणि झेंडा या सरळ रेषेत हवं तेवढं मागं जाणं, किंवा कड ओलांडलेल्या जागेपासून दोन क्लब-लांबीत, झेंड्याच्या जवळ न जाता, चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडणं. पिवळ्या खुंट्या असतील तर तिसरा मार्ग नाही. आपल्याकडचे ओढे एप्रिलमध्ये ठणठणीत कोरडे असतात. खुंट्या असल्या तरी चेंडू दिसत असेल आणि उभं राहता येत असेल तर दंडाशिवाय आतूनच मारता येतो. २०१९ पासून तिथं क्लब जमिनीला टेकवायलाही हरकत नाही. मात्र बाहेर काढताना झेंड्याकडे बघू नका. सगळ्यात जवळची फेअरवे बघा. चेंडू हरवला तर शोधायला तीन मिनिटं मिळतात, पूर्वी पाच होती.

भेगांबद्दल वाद होतात. काळ्या जमिनीची भेग ही आपोआप दुरुस्तीची जमीन ठरत नाही. कमिटीनं तशी खूण केली असेल तरच फुकट सुटका. नाहीतर आहे तसा मारा, किंवा एक दंड घेऊन न खेळण्याजोगा ठरवा. प्राण्यानं केलेल्या बिळातून मात्र सुटका फुकट मिळते, साचलेल्या पावसाच्या पाण्यातूनही. पावसाळ्यात चेंडू स्वतःच्याच आघातानं चिखलात रुतला तर बंकर आणि ओढ्याबाहेर कुठंही दंडाशिवाय काढता येतो. चेंडूला लागलेला चिखल मात्र ग्रीनवर येईपर्यंत एरवी पुसता येत नाही. चिखल उजव्या बाजूला असेल तर चेंडू बहुधा डावीकडे ओढला जातो, तेवढी सूट धरून नेम धरायचा.

उघड्या मुरमावरून चिप, म्हणजे ग्रीनजवळून छोटा फटका, करताना सगळ्यात जास्त फटके वाया जातात. बॅगेत सँड वेज असतो, तळ गोल आणि जाड. वाळूत तो रुतू नये म्हणूनच तसा घडवलेला. कडक जमिनीवर तोच तळ आपटून उसळतो, पात्याची धार चेंडूच्या पोटावर लागते आणि चेंडू सुसाट ग्रीनपार. तिथं सँड वेज बॅगेतच राहू द्या. पिचिंग वेज, नऊ किंवा आठ नंबर घ्या, चेंडू उजव्या पायाच्या बाजूला थोडा मागं, वजन डाव्या पायावर, मनगटं शांत, आधी चेंडू मग जमीन. किती उडेल आणि किती धावेल याचं एक सोपं गणित आहे. सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनवर पिचिंग वेज एक वाटा उडतो नि दोन वाटे धावतो, नऊ नंबर एकास तीन, आठ एकास चार, सात एकास पाच. झेंडा पंधरा पावलांवर असेल तर आठ नंबरनं तीन पावलांवर टेकवा, बारा पावलं तो धावेल. उतार खाली असेल तर आणखी अलीकडे. ग्रीनची कड आणि चेंडू यांच्यात फक्त कडक माती असेल तर सरळ पटर घ्या. त्यात कमीपणा काही नाही. चेंडूमागे सुटे खडे असतील तर ते उचलता येतात, पण उचलताना चेंडू हलला की एक दंड. म्हणून चेंडूला चिकटलेला खडा सोडून द्या.

लांबच्या फटक्यांनाही हाच धडा. मेमध्ये १३० यार्डांवरच्या झेंड्याला १३० चा क्लब मारला तर चेंडू झेंड्याशी टेकून उसळेल आणि मागं निघून जाईल. ११५ चा क्लब घेऊन ग्रीनच्या तोंडाशी टाका, चढू द्या. तोंडाशी बंकर असेल तर ही वाट बंद; मग ग्रीनचा जो भाग उघडा आहे तिकडे जा आणि लांब पट स्वीकारा. ऑगस्टमध्ये उलटं: चेंडू पडतो तिथंच बसतो, पूर्ण पल्ला हवा. जुन्या मैदानांवर गवताच्या ग्रीनऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे ब्राउन असत. तिथंही अलीकडे टाकून चढवण्याचीच रीत.

पार तीनवर बोलायला फार नाही. ग्रीनचा मध्य धरा आणि एक क्लब जास्त घ्या. हौशी खेळाडूचे बहुतेक चेंडू अलीकडे पडतात आणि आखणाऱ्यानं धोका बहुधा अलीकडेच पेरलेला असतो. अमेरिकेतल्या ऑगस्टा मैदानाचा बारावा होल जेमतेम १५५ यार्डांचा, समोर ओढा. तिथं २०१६ मध्ये जॉर्डन स्पीथनं दोन चेंडू पाण्यात घालून सात घेतले आणि हातात आलेली मास्टर्स स्पर्धा गेली.

पार पाचवर तिसरा फटका कुठून हवा ते आधी ठरवा. शंभर यार्डांवरून तुमचा हात चांगला बसत असेल तर ५०० यार्डांचा होल म्हणजे २१०, १९० आणि शंभर. दुसऱ्या फटक्यात फेअरवे वूड या लांबच्या क्लबनं जीव खाऊन तीस यार्ड जास्त मिळवण्यात काही नाही, जर त्या तीस यार्डांत बंकर असेल. नसेल तर मारा.

जून-जुलैत पश्चिमेचा वारा जोरात असतो. ढोबळ हिशेब असा: समोरचा वारा ताशी दर मैलाला एक टक्का पल्ला खातो, पाठीमागचा त्याच्या निम्मा देतो. ताशी पंधरा मैलांच्या समोरच्या वाऱ्यात १४० चं अंतर १६० सारखं खेळतं. दोन क्लब जास्त घ्या आणि हळू मारा. जोरात मारल्यानं फिरकी वाढते, चेंडू वर चढतो आणि वाऱ्यात उभा राहून खाली येतो. पाठीमागच्या वाऱ्यात चेंडू कमी थांबतो, हे कडक ग्रीनवर विसरू नका.

ग्रीनवर एवढंच, की दुसरा पट चढाचा उरावा. आठ फुटांवरून जगातले अव्वल खेळाडूही निम्म्याच वेळा चेंडू घालतात. मग तीस फुटांवरून घालायचा प्रयत्न करून सहा फूट पुढं नेण्यापेक्षा भोकाभोवती तीन फुटांचं रिंगण आहे असं समजून त्यात थांबवा. उन्हानं वाळलेल्या ग्रीनवर उताराचा पट फार धावतो. म्हणून चिप मारतानाच चेंडू भोकाच्या खालच्या अंगाला राहील असं पाहायचं.

अठरा होल पायी म्हणजे सात-आठ किलोमीटर आणि चार तासांहून जास्त वेळ. एप्रिल-मेमध्ये सहाच्या आत टीवर असलात तरी शेवटचे सहा होल दहाच्या उन्हात येतात. दर होलला दोन घोट पाणी, मधे मीठ-साखरेचं लिंबूपाणी किंवा मठ्ठा. तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. बाराव्या होलनंतर पाय जड होतात, कंबर कमी वळते, प्रत्येक क्लब पाच-सात यार्ड कमी जातो. त्या होलांसाठी एक क्लब जास्त, हे सकाळीच कार्डावर लिहून ठेवा, कारण त्या वेळी डोकंही थकलेलं असतं.

खिशात एक लहान वही असू द्या. होलनिहाय चार रकाने पुरतात: टीवर कोणता क्लब, कुठं टेकला, कुठं थांबला, झेंडा कुठं होता. पाच-सहा फेऱ्यांत तुमच्या मैदानाचा तुमचा नकाशा तयार होतो, आणि तो क्लबच्या पाटीवरच्या नकाशाहून वेगळा असतो. उन्हाळ्याची पानं वेगळी, पावसाळ्याची वेगळी. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला आणि भेगा मिटल्या की मेची पानं बाजूला ठेवा, चेंडू घेऊन पुन्हा सरावाला जा. या वेळी धूळ उठणार नाही. चेंडू टेकल्याची जागा ओल्या मातीतल्या खळीवरून शोधावी लागेल.